गॅमा स्पेक्ट्रम लॉगिंग

तेलाच्या विहिरीत केबलवर यंत्र सोडून, खडकातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून तिथं कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखायची पद्धत. आपल्याकडं बोअर मारताना वर आलेला चुरा बघून मुरूम संपला, काळा पाषाण लागला असं सांगतात, तसंच हे, फक्त डोळ्याऐवजी किरण आदळला की चमकणारा क्रिस्टल.

सुरुवात कधीची धरायची यावर वाद आहे. हॉवेल आणि फ्रॉश यांचा गॅमा लॉगिंगवरचा पेपर १९३९ चा, पण त्यात किरण किती आले एवढंच कळायचं, कुणाचे ते नाही. ब्रूनो पोंतेकोर्वोनं न्यूट्रॉन लॉगिंगवर (खडकावर न्यूट्रॉन मारून मोजण्यावर) लिहिलं १९४१ ला (हाच माणूस १९५० ला सोव्हिएत युनियनला निघून गेला, म्हणून त्याचं नाव जरा जास्तच येतं). ऊर्जा वेगळी करायची सोय मात्र भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटरच्या सोडियम आयोडाइड क्रिस्टलनं झाली, १९४८ च्या सुमारास, तेव्हा खरी सुरुवात तिथूनच धरलेली बरी.

नैसर्गिक किरणांत तीनच गडी: पोटॅशियम १.४६, युरेनियमची साखळी (तो फुटत जाऊन बनणारी मूलद्रव्यं) १.७६, थोरियमची २.६१ एमईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक). बेसॉल्टमध्ये (आपला काळा पाषाण) तिन्ही कमीच. किल्लारीला भूकंपानंतर जो खोल बोअर घेतला त्यात साधारण ३३८ मीटर बेसॉल्ट आणि मग ग्रॅनाइट-नाइस लागला, अशा ठिकाणी किरणांच्या आलेखाची रेष वरच्या बेसॉल्टमध्ये सपाट चालते अन् खाली ग्रॅनाइटमध्ये गेली की उसळते. देगलूरकडं तोच ग्रॅनाइट उघडा पडलेलाय. मराठवाड्यात तेल नाही, ते सोडा.

बाकीच्या मूलद्रव्यांना न्यूट्रॉन मारून बोलतं करावं लागतं. १४ एमईव्हीचा वेगवान न्यूट्रॉन आदळला की कार्बन ४.४३ अन् ऑक्सिजन ६.१३ चा किरण देतो, न्यूट्रॉन मंदावून गिळला गेला की हायड्रोजन २.२२, कॅल्शियम ६.४२, लोखंड ७.६३. आता गोची अशी की खारट पाण्यातल्या क्लोरीनचा एक किरण ६.११ चा, ऑक्सिजनला अगदी चिकटून, आणि सोडियम आयोडाइडला हा फरक दिसतच नाही, पण क्लोरीनचा किरण न्यूट्रॉन गिळल्यावरच येतो, म्हणून न्यूट्रॉन तुकड्या-तुकड्यानं सोडतात, तुकडी सुटत असतानाचे किरण एका खात्यात, नंतरचे दुसऱ्यात.

कार्बन जास्त तर तेल, ऑक्सिजन जास्त तर पाणी, अन् पाणी खारट की गोडं याच्याशी या हिशोबाला फारसं देणंघेणं नाही, जुन्या विहिरीत लोखंडी केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या नळीच्या) आतूनही जमतं. पण मुंबई हायसारख्या चुनखडकात कार्बन खडकातच असतो, तिथं नुसत्या कार्बन-ऑक्सिजनच्या गुणोत्तरावर गेलं की पाण्यालाच तेल म्हणून बसाल, त्यामुळं कॅल्शियम किती ते बघून तेवढा कार्बन आधी वजा करायचा.