सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी शहराची पात्रता (नाशिक)

एखादी नागरी सेवा खासगी भागीदाराकडून उभारून घेण्याची आणि वर्षानुवर्षे नीट चालवून घेण्याची कुवत शहरात कितपत आहे, याची करारापूर्वी केलेली पारख. अशा भागीदारीला व्यवहारात ‘पीपीपी’ म्हणतात. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हा तिचाच एक प्रकार.

पारख बहुधा तिजोरीपासून सुरू होते : घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, द्विनोंदी लेखापद्धती (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी नोंदवणे), पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या कुवतीची श्रेणी). या बाबतीत नाशिक नवखे नाही. १९८२ साली स्थापन झालेल्या नाशिक महापालिकेने १९९९ मध्ये राज्य शासनाच्या हमीविना १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले होते. पण पत असलेल्या शहराला करार राबवता येतोच असे नाही. कोणती जोखीम कोणी उचलायची, हा कळीचा प्रश्न असतो. पीपीपीच्या फेरविचारासाठी केंद्राने नेमलेल्या विजय केळकर समितीच्या २०१५ च्या अहवालाचा भरही त्यावर होता.

सिटीलिंक बससेवेत हे लख्ख दिसते. पूर्वी एसटी महामंडळ चालवत असलेली शहर बससेवा जुलै २०२१ मध्ये महापालिकेच्या परिवहन कंपनीकडे आली. बस पुरवणाऱ्या ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात, तिकिटाचे उत्पन्न कंपनीकडे येते. त्यामुळे बस रिकामी धावली तरी कंपनीला ठेकेदाराचे पैसे द्यावेच लागतात. वाहक पुरवण्याचा ठेका वेगळा. वेतन थकल्याने वाहकांनी संप केले, तेव्हा धडधाकट बस आगारात उभ्या राहिल्या आणि हाल प्रवाशांचे झाले. कामगारांचे वेतन वेळेवर होते की नाही, हे तपासणारी यंत्रणा पालिकेकडे आहे का, हा प्रश्न म्हणूनच ताळेबंदाइतका महत्त्वाचा आहे.

हॉटेलांतील ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला यांपासून वीज करणारा प्रकल्प २०१७ मध्ये जर्मन साहाय्याने सुरू झाला. अशा प्रकल्पाचे यंत्र भागीदार चालवू शकतो. वर्गीकृत कचरा रोज आणून देणे मात्र पालिकेच्या घंटागाडी व्यवस्थेवर अवलंबून असते.

सिंहस्थाची कामे वेगळ्या निकषाने पाहावी लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४,८६,०५३. बारा वर्षांनी येणारी गर्दी तिच्या कितीतरी पट. घाट, साधुग्राम (साधूंची तात्पुरती वसाहत) यांना एरवी शुल्क देणारा ग्राहक नसतो, म्हणून तिथे सार्वजनिक पैसाच योग्य. मलनिस्सारणाची गरज मात्र रोजची. २०२० मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या व्यवहार्यता तूट निधी योजनेत (उत्पन्नातून न निघणारा खर्च अनुदानाने भरून देणारी योजना) सांडपाणी प्रकल्पाला एकूण प्रकल्प खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळू शकते. अट अशी, की चालवण्याचा खर्च पूर्णपणे शुल्कातून निघाला पाहिजे.