लसूण पूड: आधी पाणी, मग व्हिनेगर

लसणाची अख्खी पाकळी नाकाशी धरली तर फारसा वास येत नाही. ती ठेचताच घमघमाट सुटतो. पाकळीच्या पेशींत ॲलिइन हे गंधकयुक्त द्रव्य आणि ॲलिइनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, आणि ठेचल्यावर ती एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते. लसणाचा झणका तो हाच. कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये ॲलिसिन वेगळे केले.

ताज्या लसणात सुमारे दोन तृतीयांश पाणी असते. काप करून साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअस तापमानात वाळवले, तर ॲलिइन आणि विकराचा बराचसा भाग शाबूत राहतो. त्याहून जास्त उष्णतेत विकर मरते आणि उरते ती केवळ खमंग चव. चांगल्या पुडीत ही दोन्ही द्रव्ये शेजारी असूनही पाण्याअभावी स्वस्थ असतात.

गोव्याच्या स्वयंपाकात नेमकी येथेच गफलत होते. बांगड्यात भरायच्या रेशाद मसाल्यात लसणाबरोबर माडाचे व्हिनेगर असते, आणि आम्लता वाढून सामू (pH) साडेतीनच्या खाली गेला की ॲलिइनेज कायमचे निकामी होते. त्यामुळे पूड थेट व्हिनेगरमध्ये कालवली, तर झणका तयार होण्याआधीच मारला जातो. पूड चमचाभर साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावी आणि मगच व्हिनेगर घालावे. वाटणाला ताज्या लसणाची सर येत नाही, हे खरेच; पण घाईच्या दिवशी एवढ्या सबुरीने चवीत फरक पडतो. रव्यात घोळून तळायच्या मासळीला मात्र पूडच बरी, कारण तिने पाणी सुटत नाही. फक्त ती रव्यात न मिसळता मीठ-हळदीबरोबर मासळीला चोळावी, नाहीतर तेलात करपून कडवट होते.

सेंद्रिय पुडीतून ॲलिसिन अधिक तयार होते, असे समजू नये. ते लसणाच्या जातीवर आणि वाळवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. सेंद्रिय प्रमाणपत्राचा अर्थ शेतीत कृत्रिम खते व कीटकनाशके नाहीत आणि प्रक्रियेत किरणोत्सर्गाचा मारा नाही, असा आहे. आपल्याकडे एरवी लसणाला कोंब फुटू नयेत म्हणून असा मारा करण्यास परवानगी आहे. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचे अधिकृत चिन्ह आहे का ते पाहावे, आणि घटकांत लसणाखेरीज काही नसावे.

खरा कस लागतो तो पावसाळ्यात. सुक्या लसणाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा फ्रुक्टन या शर्करासाखळ्यांचा असतो, आणि त्या हवेतला ओलावा झपाट्याने शोषतात. आषाढातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पुडीचा दगड होतो, आणि त्याच ओलाव्याने आतली रासायनिक क्रियाही बरणीतच सुरू होऊन वाया जाते. म्हणून घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत थोडीच पूड ठेवावी आणि वाफाळत्या कढईवर बरणी उपडी करण्याऐवजी कोरड्या चमच्याने घ्यावी. जुन्या पुडीबद्दल शंका आली, तर चिमूटभर पूड कोमट पाण्यात टाकावी: काही मिनिटांत वास तीव्र झाला, तर तिच्यातले विकर अजून जिवंत आहे.