चुनखडीचा डोंगर पाणी गाळत नाही

‘झऱ्याचं पाणी दगडातून गाळून येतं, बेलाशक प्या.’ वाळूच्या थरातून सावकाश झिरपलेल्या पाण्यापुरतं हे बरंचसं खरं. चुनखडीच्या डोंगरात मात्र नाही.

मातीतून उतरताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीच्या फटी खात सुटतं. हजारो वर्षांत फटींचे बोगदे होतात. मग गाळणार कोण? पाणी कॅल्शियमने जड तेवढं होतं. जंतू तसेच राहतात.

११ ऑगस्ट १९०१ ला फ्रान्समधल्या पोंतार्लिये गावात पेर्नोच्या दारू कारखान्यावर वीज पडून आग लागली. स्फोट टाळायला टाक्या रिकाम्या केल्या आणि ॲबसिंथ नावाची ती दारू दूब नदीत गेली. दोनेक दिवसांत डोंगरापलीकडच्या लू नदीच्या उगमाला ॲबसिंथचा वास! (यापेक्षा महागडा प्रयोग कुणी मुद्दाम केला नसता.) पुढे १९१० मध्ये दूबमध्ये रंग सोडला, तोही लूत निघाला. म्हणजे लूचा ‘उगम’ काही अंशी दूबचंच पाणी.

दारूला वास होता म्हणून कळलं. शोषखड्ड्यातलं मैलापाणी याच वाटेने आलं तरी झरा नितळ दिसू शकतो. तेव्हा असं पाणी नुसतं वस्त्रगाळ करून भागत नाही. उकळूनच प्यावं, जोराच्या पावसानंतर तर नक्कीच.