‘इम्पोर्टेड टाकू की इंडियन?’ : हृदयरुग्णांच्या समाधानाची पार्श्वभूमी

हृदयरुग्णाला ‘आमच्या सेवेवर तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी जुनी नाही. खासगी रुग्णालयात डिस्चार्जच्या कागदांबरोबर अभिप्रायाचा अर्ज हातात पडतो. सरकारी रुग्णालयातून गेलेल्यांची मतं मोबाइलवरून घेण्याची केंद्राची व्यवस्था २०१६ मध्ये आली. विचारपूस नवी असली तरी नाराजी जुनीच आहे, फक्त तिचं कारण दर काही वर्षांनी बदलत गेलं. आधी खाट मिळत नाही ही तक्रार होती, मग बिलाची आली आणि आता योजनेच्या मंजुरीची आहे. यातला सर्वांत मोठा बदल २०१७ मध्ये स्टेंटच्या (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) किमतीवर मर्यादा घालणाऱ्या निर्णयाने झाला, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. परळच्या पालिका रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जगातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, तशी शस्त्रक्रिया करून पाहण्यात आली होती. रुग्ण काही तासच जगला. कौशल्य होतं, पण सामान्य माणसासाठी शस्त्रक्रियेची तारीख मिळणं हीच मोठी गोष्ट होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, मात्र सगळ्यांवरच मोफत उपचार करणारी रुग्णालयं त्यातून वगळली. पैसे भरणाऱ्याला दाद मागायची जागा मिळाली, सरकारी वॉर्डातला रुग्ण होता तिथेच राहिला. राज्याने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मदत सुरू केली. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक झालं. त्या खाटा प्रत्यक्षात कुणाला मिळतात, हा वाद आजही मिटलेला नाही. पुढे २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी दीड लाखाची विमा योजना आली. तालुक्याच्या गावातला शेतकरी अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे अरुंद रक्तवाहिनी फुग्याने रुंद करून घेण्यासाठी, शहरातल्या खासगी रुग्णालयाची पायरी चढू लागला तो इथून. रुग्णालयात बसणारा ‘आरोग्यमित्र’ ही या योजनेची सर्वांत उपयोगी देणगी म्हणावी लागेल. कागद कुठे द्यायचे, हे सांगणारं एक माणूस तिथे असतं.

आता मुख्य मुद्दा. अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची क्ष-किरण तपासणी, चालू असताना कॅथलॅबचं, म्हणजे ती जिथे होते त्या खोलीचं, दार उघडून डॉक्टर बाहेर येतात आणि नातेवाइकांना पडद्यावरचे ब्लॉकेज दाखवतात. ‘आत्ताच करून टाकू’ म्हणतात. मग स्टेंटचा प्रश्न येतो, इम्पोर्टेड टाकू की इंडियन? औषधलेपित स्टेंटची छापील किंमत २०१७ पूर्वी सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती आणि काही जातींची पावणेदोन लाखांच्याही पुढे जाई. वडील टेबलावर असताना स्वस्तातला टाका, असं म्हणायला कोणत्या मुलाची जीभ रेटेल? दोन स्टेंटमध्ये नेमका फरक काय, हे विचारायलाही तेव्हा सवड नसायची. म्हणून बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर निघे, ‘जे चांगलं असेल ते टाका, डॉक्टर.’ मग दागिने गहाण पडत, सोसायटीचं कर्ज निघे. स्वस्त पर्याय घेतलेल्यांच्या मनात ‘आपण बाबांच्या बाबतीत पैशाकडे पाहिलं’ ही बोच पुढे कायम राही. समाधानाच्या कोणत्याही अर्जात या बोचेसाठी रकाना नव्हता, आजही नाही.

दिल्लीत एका वकिलाच्या जनहित याचिकेवरून हे प्रकरण हललं. स्टेंटचा समावेश २०१६ च्या जुलैमध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला, डिसेंबरमध्ये तो किंमत नियंत्रणाच्या परिशिष्टात आला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत, नेमक्या व्हॅलेंटाइन डेपासून, कमाल किमती लागू झाल्या. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी किंमत ठरवणाऱ्या यंत्रणेने साखळीतला नफा जाहीर केला होता. सर्वांत मोठा वाटा आयातदाराचा किंवा वितरकाचा नसून रुग्णालयाच्या पातळीवरचा होता, काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत. शिवाय बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र दाखवण्याची सक्ती आली.

विरोध अर्थातच झाला, आणि तो सगळाच पोटदुखीचा होता असं म्हणता येणार नाही. पंधरा वर्षांपूर्वीची रचना आणि नवी पातळ जाळी एकाच भावात बसवली तर संशोधन कोण करेल, हा हृदयरोगतज्ज्ञांचा सवाल रास्त होता. काही कंपन्यांनी वरच्या श्रेणीचे स्टेंट भारतीय बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा सरकारने पुरवठा चालू ठेवण्याचे आदेश काढले. पण याच युक्तिवादात शरीरात विरघळणाऱ्या स्टेंटचंही नाव घेतलं जाई. त्याला वेगळी, चढी किंमत हवी अशी मागणी होती आणि ती मान्य झाली नाही. यातलं सर्वांत गाजलेलं उत्पादन त्याच वर्षी जगभरातून मागे घेतलं गेलं. कारण विक्री कमी असल्याचं दिलं गेलं, पण त्याआधीच रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण जास्त असल्याचे निष्कर्ष आले होते. महाग म्हणजे चांगलं, हे कॅथलॅबबाहेरचं गणित तिथे सपशेल उलटलं. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २०१८ मध्ये आणखी उतरून २७,८९० रुपये झाली. विरघळणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग तेव्हाही केला गेला नाही.

मग रुग्णाचं बिल उतरलं का? स्टेंटची ओळ उतरली, हे निर्विवाद. पण रुग्ण पॅकेज भरतो, ओळ नाही. रक्तवाहिनी रुंद करणारा फुगा, वाट दाखवणारी गाइड वायर, कॅथेटर ही बारीक नळी, कॅथलॅबचं शुल्क, खोलीच्या दर्जानुसार बदलणारी डॉक्टरांची फी, यांतलं काहीच त्या आदेशाच्या कक्षेत नव्हतं. एकदा वापरलेली कॅथेटर आणि फुगे निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे आणि पैसे प्रत्येकाकडून घ्यायचे, हा प्रकारही त्याच काळात महाराष्ट्रात चौकशीखाली आला. म्हणजे दाबलेला खर्च दुसरीकडून वर आला.

तरीही माझ्या मते हा निर्णय यशस्वी ठरला, आणि त्याचं कारण रुपयांत मोजता येत नाही. इम्पोर्टेड की इंडियन, या प्रश्नातली धार गेली. भाव जवळपास सारखा झाल्यावर निवड नातेवाइकांच्या ऐपतीवरून सुटली आणि जिथे असायला हवी तिथे, डॉक्टरांच्या निर्णयाकडे, परतली. दुसरीकडे एक नुकसानही झालं. नफ्याचा तो आकडा वर्तमानपत्रातून घरोघर पोहोचला आणि ‘तुम्हाला स्टेंट लागेल’ या वाक्याकडे लोक संशयाने पाहू लागले. प्रामाणिक डॉक्टरलाही त्या संशयाची झळ बसली. स्टेंट स्वस्त झाला आणि विश्वास कमी झाला, दोन्ही एकाच आदेशाने.

समाधान मोजणाऱ्यांचंही एकमत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. ज्या रुग्णालयांतले रुग्ण जास्त खूश, तिथे उपचार नियमांना धरून आणि रुग्णालयातले मृत्यू कमी, असं त्यात दिसलं. दोनच वर्षांनी दुसऱ्या अभ्यासात सर्वांत समाधानी रुग्णांचा खर्चही जास्त आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. तो मात्र सर्व प्रकारच्या रुग्णांचा होता. आपल्याकडे तर अर्ज भरला जातो तो बिल चुकतं करण्याच्या गडबडीत, कॅशलेसच्या मंजुरीची वाट पाहत, आणि बहुधा रुग्णाऐवजी त्याचा मुलगा किंवा जावई भरतो. स्वच्छता, जेवण, परिचारिकांचं वागणं विचारलं जातं. औषधांनी भागेल का, दुसरं मत घ्यायला वेळ होता का, हे मी पाहिलेल्या एकाही अर्जात नव्हतं.

त्यानंतरच्या घडामोडी कायद्याच्या वाटेने गेल्या. नव्या ग्राहक कायद्याच्या मसुद्यात आरोग्यसेवेचा उल्लेख होता, २०१९ च्या कायद्यात तो राहिला नाही. डॉक्टर सुटले, असा अर्थ काहींनी काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला. राज्यात २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं, बिलासाठी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई झाली. दरपत्रक स्वागतकक्षाच्या मागे, कुंडीआड लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

राज्याच्या त्या विमा योजनेचं संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेऊन ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. खर्चाची तक्रार त्यामुळे बरीच मागे पडते आहे. आता कानावर येतात त्या वेगळ्याच गोष्टी. ‘योजनेतून’ म्हटल्यावर खाट शिल्लक नसणं, शिधापत्रिका आणि आधारमधल्या नावाचं स्पेलिंग न जुळणं, तातडी नसलेल्या अँजिओप्लास्टीसाठी मंजुरी येईपर्यंत वॉर्डात ताटकळणं. पाच लाखांची हमी असताना प्रवेशाच्या खिडकीवर ‘आधी थोडं डिपॉझिट भरा, नंतर परत मिळेल’ हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि त्याची तक्रार करण्यासाठी शोधावा लागणारा आरोग्यमित्र संध्याकाळनंतर प्रत्येक ठिकाणी भेटतोच असं नाही.