मुंग्या गेल्या, पूर्वसूचनाही गेली

जुन्या ॲनालॉग केबलवर सिग्नल खालावला की टीव्हीवर आधी मुंग्या यायच्या. 31 ऑक्टोबर 2012 च्या मुदतीने मुंबईतली केबल डिजिटल झाली आणि मुंग्या गेल्या. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. मग चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि आणखी एक-दोन डेसिबल घसरले की पडदा काळा. याचं कारण दुरुस्तीच्या सोयीत आहे. माहितीच्या प्रत्येक 188 बाइटच्या पाकिटाला 16 जादा बाइट जोडलेले असतात, त्यांच्या जोरावर बिघडलेले 8 बाइट सावरता येतात. नववा बिघडला की पाकीट गेलं. म्हणून हेडएंडमध्ये, म्हणजे चॅनेल गोळा करून केबलवर सोडणाऱ्या केंद्रात, भिंतभर चॅनेल नीट चालू दिसत असले तरी पाहायचा असतो तो दुरुस्तीआधीचा बीईआर (बिघडलेल्या बिट्सचं प्रमाण), आणि त्याहून आधी एमईआर (सिग्नल किती शुद्ध आहे याचं डेसिबलमधलं माप).

एमईआर डोळ्यांनी दिसतो. 64-क्वाम कॅरियर (64 ठरलेल्या स्थितींमधून माहिती नेणारी लहर; एकीवर अनेक चॅनेल असतात) मीटरला जोडला की पडद्यावर 64 ठिपक्यांची जाळी उमटते, आठ बाय आठ. ठिपके आपल्या जागेवरून जितके भरकटतात तितका एमईआर कमी. हेडएंडच्या आउटपुटला 38 ते 40 डेसिबल हवेत. ग्राहकाच्या बॉक्सपाशी 28 च्या खाली जाऊ देऊ नये. जाळीचा आकारही बोलतो. ठिपके कापसासारखे पिंजले तर नॉइज. मेदूवड्यासारखे मधोमध पोकळ झाले तर बाहेरची एखादी लहर सैल जोडातून आत शिरली आहे. कोपऱ्यातले ठिपके आत ओढले गेले तर ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चित्र फुटतंय म्हणून आणखी एक बूस्टर बसवणं. बूस्टर सिग्नलइतकाच नॉइजही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. लेव्हल वाढते, एमईआर नाही.

एमईआर 40 असूनही चित्र फुटत असेल, तर केबलवर चढायच्या आधीच माल खराब आहे. पाकिटांवर 0 ते 15 असा फिरता क्रमांक असतो; 7 नंतर थेट 9 आला की ॲनालायझर (पाकिटं तपासणारं यंत्र) सीसी एरर, म्हणजे क्रम तुटल्याची खूण, दाखवतो. मग प्रश्न एकच: बिघाड किती चॅनेलना आहे? एकाच चॅनेलला असेल तर त्या चॅनेलची फीड (चॅनेलकडून येणारा सिग्नल) किंवा त्याचा रिसीव्हर. एका उपग्रहावरचे सगळे चॅनेल गेले तर डिश. एकाच कॅरियरवरचे, पण वेगवेगळ्या उपग्रहांचे गेले तर मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेक चॅनेल एका कॅरियरसाठी एकत्र बांधणारं यंत्र.

डिशच्या काही तक्रारी ठरलेल्या आहेत. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य थेट उपग्रहामागे येतो आणि काही मिनिटं सिग्नल बुडतो. त्यावर उपाय नाही, वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावं. 3300 ते 3670 मेगाहर्ट्झवर 5जी आल्यापासून रुंद पट्ट्याचा सी-बँड (उपग्रह सिग्नलचा एक पट्टा) एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसून सिग्नल उचलणारा डबा, भांबावतो. त्याच्यापुढे 3700 ते 4200 चा फिल्टर बसवावा लागतो.

सी-बँडला पावसाचं फारसं वावडं नाही. त्यामुळे जुलैत सी-बँड पडला तर ढगांकडे बघू नये, एलएनबीचा एफ-कनेक्टर उघडून बघावा. खाऱ्या हवेत मधली तार हिरवी पडलेली असते, तिच्याभोवतीच्या धातूच्या वेणीत पाणी मुरलेलं असतं. कनेक्टर बदलताना भिजलेली केबल सुकी लागेपर्यंत कापायची, जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळायची आणि जोडाआधी केबलला खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.