त्वचेवर लावायची औषधे : परिचर्या आणि रुग्णशिक्षण (मुंबई)

मलम, क्रीम, लोशन, जेल, पावडर, औषधी शाम्पू, चिकटपट्टी अशा रूपांत मिळणारी औषधे रुग्णाच्या त्वचेवर योग्य जागी व योग्य प्रमाणात लावणे, त्यांचे बरेवाईट परिणाम पाहून नोंदवणे आणि घरी ती कशी लावायची हे रुग्णाला व घरच्यांना शिकवणे, या कामाला त्वचेच्या औषधांची परिचर्या म्हणतात. हे काम मुख्यतः परिचारिकेचे. गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे हे कारखान्यात ठरलेले असते, इंजेक्शनचे माप सिरिंजवर छापलेले असते. मलमाचा डोस मात्र रुग्ण स्वतःच्या बोटाने ठरवतो. चिठ्ठीवर बहुधा ‘दिवसातून दोनदा बाहेरून लावणे’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे शिकवण्यात कसर राहिली की डोसच चुकतो.

मुंबईत या कामाला शहराची हवा आणि घराचा आकार दोन्ही आडवे येतात. वर्षातले बरेच महिने दमट, अंगाला घाम चिकटलेला, लोकलमध्ये अंगाला अंग घासलेले; पावसाळ्यात कपडे दोरीवर दोन-दोन दिवस ओलेच. घामोळे, नायटा (गजकर्ण), चिखल्या, खरूज, केसतोड, इसब हे त्वचारोगाच्या ओपीडीतले नेहमीचे पाहुणे. एका खोलीत पाच-सहा माणसे, एक मोरी, दोन टॉवेल आणि ठरावीक वेळेचे नळाचे पाणी अशा घरात ‘टॉवेल वेगळा ठेवा’ हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड. घर कसे आहे हे न विचारता दिलेला सल्ला केसपेपरवरच राहतो.

बोटाच्या पेराचे माप

मलम किती लावायचे यासाठी जगभर वापरले जाणारे माप अगदी घरगुती आहे. नेहमीच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत सलग काढलेली मलमाची शेव म्हणजे एक माप. त्यात साधारण अर्धा ग्रॅम मलम बसते आणि ते बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. हे माप १९९१ साली ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडले. मोठ्या माणसाच्या चेहरा-मानेला अडीच मापे, एका हाताला तीन आणि त्याच्या पंजाला एक, एका पायाला सहा व पावलाला दोन, छाती-पोटाला सात, पाठ व कुल्ल्यांना मिळून सात. सगळ्याची बेरीज चाळीसच्या आसपास, म्हणजे अंगभर एकदा लावायला सुमारे २० ग्रॅम मलम लागते. बाजारातल्या कित्येक ट्यूब १५ ग्रॅमच्या असतात. अंगभर इसब असलेल्या माणसाला अशी एक ट्यूब देऊन ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणे म्हणजे हिशेब कोणीच केलेला नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत, ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर, हे शिक्षण असे चालते. चाळिशीतल्या बाई, नडगीवर चार तळव्यांएवढा इसब. सिस्टर म्हणते, “ताई, घरी कसं लावता ते मला करून दाखवा.” बाई ट्यूबच्या तोंडाला बोट टेकवून ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका घेतात आणि तेवढ्यात सगळी नडगी उरकतात. मग सिस्टर त्यांच्याच तर्जनीवर पेराच्या रेघेपर्यंत शेव काढते. “असं दोनदा.” बाई दचकतात, “अगं बाई, एवढं? मग ट्यूब आठवड्यात संपेल की!” “संपू दे. संपायलाच दिलीय.” कंजूषी हा बहुतेक रुग्णांचा पहिला दोष, आणि तो पैशांपायी येतो, निष्काळजीपणापायी नव्हे. औषध पुरवून वापरायची सवय असलेल्या घरात ‘संपवा’ हा शब्द मुद्दाम उच्चारावा लागतो.

लावण्याची रीत

परिचारिका प्रथम कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते विचारते, जखम वा चट्टा पाहून त्याची जागा, आकार, रंग आणि स्राव यांची नोंद करते. हात धुऊन हातमोजे घालते. ते रुग्णाच्या संसर्गापासून जितके वाचवतात तितकेच औषधापासूनही. दिवसभरात दहा जणांना स्टेरॉइड (सूज व खाज दाबणारे औषध) लावणाऱ्या बोटांतूनही ते शोषले जाते. आधीचा थर हळुवार पुसून काढायचा, बरणीतले मलम लाकडी पट्टीने घ्यायचे, आणि केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने पातळ पसरायचे. उलट चोळले की केसांच्या मुळाशी फोड येतात. त्वचा मऊ करणारे मलम आणि औषधी मलम दोन्ही असतील तर दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवतात. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच मऊ करणारे मलम वा खोबरेल लावले तर ओल आत राहते. खोबरेल तेलाला उगाच कोणी नावे ठेवू नयेत; कोरड्या, न चिडलेल्या त्वचेला ते चांगले चालते.

औषधाचे रूप त्वचेच्या अवस्थेवर ठरते. कोरड्या, भेगाळलेल्या जागेला तेलकट मलम, केसाळ जागेला लोशन किंवा जेल, वाहत्या चट्ट्याला आधी ओल्या घड्या. या घड्यांसाठी अजूनही पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे वापरले जातात, आणि चूकही इथेच होते. पाणी फिकट गुलाबी हवे. खडा पूर्ण विरघळला पाहिजे, नाहीतर न विरघळलेला कण त्वचा भाजतो. ‘जास्त घातलं तर लवकर बरं होईल’ या समजुतीने रुग्ण वांग्याच्या रंगाचे पाणी करतात. म्हणून चांगली परिचारिका पाण्याचा ग्लास उजेडात धरून रंग दाखवते. नखे तपकिरी होऊ नयेत म्हणून आधी व्हॅसलिन लावायला सांगते, आणि खड्यांची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवायलाही.

जांघेतल्या व चेहऱ्यावरच्या त्वचेतून औषध फार वेगाने आत जाते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, कोपर ते मनगट या भागाच्या तुलनेत कपाळातून हायड्रोकॉर्टिसोन (एक सौम्य स्टेरॉइड) सहापट, तर अंडकोषाच्या त्वचेतून सुमारे बेचाळीसपट शोषले गेल्याचे आढळले. तळपायातून सातव्या हिश्श्याएवढेच. एकच ट्यूब ‘सगळीकडे’ लावू नये याचे कारण या आकड्यांत आहे. घट्ट बांधलेली पट्टी, प्लास्टिक, एवढेच काय बाळाचा डायपरही शोषण वाढवतो.

स्टेरॉइडची ट्यूब

मुंबईत त्वचेच्या औषधांचे शिक्षण पुष्कळदा आधीचे औषध सोडवण्यापासून सुरू होते. जांघेत नायटा झाला की माणूस लाजेने डॉक्टरकडे जात नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘खाजेची क्रीम’ आणतो. अशा क्रीममध्ये बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र घातलेले असू शकते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. चट्ट्याची ओळखू येणारी गोल कड पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरही फसू शकतो. चेहऱ्यावर उजळपणासाठी अशीच स्टेरॉइडयुक्त क्रीम महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे व केस येतात, आणि क्रीम थांबवली की आग होऊन चेहरा लालबुंद होतो. त्या आगीला घाबरून बाई पुन्हा तीच ट्यूब उघडते. हे चक्र तोडताना ‘सोडल्यावर काही दिवस वाईट दिसेल’ हे आधीच सांगितलेले नसेल तर रुग्ण परत येत नाही. डोळ्यांभोवती बराच काळ स्टेरॉइड लावल्याने काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर. क्लोबेटासोलसारख्या अतितीव्र औषधाची मर्यादा आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे अशी आहे. रुग्णाला ती केसपेपरवर तारखेनिशी लिहून द्यावी, नुसती सांगू नये. नायट्याचा प्रश्न आता आणखी चिघळला आहे. भारतीय उपखंडात पसरलेल्या आणि २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेल्या बुरशीचे अनेक नमुने टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला जुमानत नाहीत. म्हणून बुरशीनाशक चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचे, यावर परिचारिकेने अडून बसावे. ओली जीन्स, घट्ट आतले कपडे आणि सगळ्यांचा मिळून एक टॉवेल हे बोलणेही त्याच बैठकीत व्हायला हवे.

पावसाळ्यातल्या चिखल्यांचे शिक्षण छोटे आहे. कामावर पोचल्यावर बूट-मोजे काढून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे, एक कोरडा मोजा पिशवीत ठेवणे, आणि क्रीम बेचकीतच लावणे. तळव्याला चोळून उपयोग नाही.

खरूज : एक रात्र, सगळे घर

खरजेचे औषध एकट्याने लावून भागत नाही. पाच टक्के परमेथ्रिन क्रीम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत लावून ८ ते १४ तास ठेवायचे, मग आंघोळ, आठवड्याने पुन्हा. तान्ह्या बाळांना डोक्यालाही लावावे लागते. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री. एखाद्या गाळ्यात आठ कारागीर शेजारी शेजारी झोपत असतील तर आठही जण. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅमपर्यंत क्रीम लागते, आणि आठ ट्यूबचे पैसे कोण देणार हा प्रश्न शेठजीपाशी जाऊन थांबतो. तो सोडवल्याशिवाय खरूज महिन्याने परत येते.

घरी बाई क्रीम लावतात आणि मग भांडी घासतात. हाताची क्रीम गेली, आणि खरजेच्या किड्याचे आवडते घर तर बोटांच्या बेचक्यांतच. ‘हात धुतलेत की तिथे परत लावा’ हे वाक्य विसरता कामा नये. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किमान तीन दिवस बाजूला. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. हे ठाऊक नसले की लोक रोज रात्री परमेथ्रिन लावत सुटतात आणि त्याच औषधाने अंग चिडते.

भाजणे, बधिर पाऊल, चिकटपट्ट्या

भाजल्यावर पहिले औषध पाणी. २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली. नळ कोरडा असेल तर पिंपातले पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे. हळद, टूथपेस्ट, शाई यांनी जखम किती खोल आहे ते डॉक्टरला दिसत नाही आणि ती खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात. रुग्णालयात पुष्कळदा वापरले जाणारे एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम लावण्यापूर्वी सल्फा गटातल्या औषधांची अॅलर्जी विचारावी लागते. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला व नवजात बाळाला ते टाळतात.

वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० सालचे.  कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलासाठी लागते ती बादलीभर साध्या पाण्यात १५-२० मिनिटांची बुडवणी, कडक कातडी हलकेच घासणे आणि पाय ओला असतानाच तेल किंवा व्हॅसलिन. या पावलाला चटका कळत नाही, म्हणून पाण्याची ऊब कोपराने पाहायची आणि तळवे रोज आरशात. क्लोफाझिमिन या कुष्ठरोगावरच्या औषधाने कातडी काळसर होते. औषध सुरू करतानाच हे सांगितले, आणि ते थांबल्यावर रंग हळूहळू परत येतो हेही सांगितले, तर लोकांच्या नजरांना उत्तर देता येते.

वेदनेच्या वा हृदयविकाराच्या चिकटपट्ट्या त्वचेवर लावतात पण काम आत करतात. जुनी काढल्याशिवाय नवी लावू नये, जागा बदलावी, पट्टीवर तारीख लिहावी, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी घालून मुलांपासून दूर टाकावी. व्हॅसलिनसारखी मलमे मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या रुग्णाला गॅस आणि देवापुढची निरांजने यांची आठवण करून द्यावी.

पुन्हा तपासणीला येताना रिकाम्या-अर्ध्या सगळ्या ट्यूब सोबत आणायला सांगतात. नाव आठवत नसले तरी ‘ती पिवळ्या खोक्यातली’ हातात दिसते. ट्यूब जवळपास भरलेली असेल तर औषध पुरवून वापरले गेले, वेळेआधी चपटी झाली असेल तर परिचारिकेने रागावण्याआधी एक प्रश्न विचारावा : “ताई, घरात ही अजून कोण कोण लावतं?”