एका गाठीत दोन जाती, आणि टक्क्यांची रेघ

मेणाच्या ठोकळ्यातून कापलेला तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर चढवतात, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवतात आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली येतो. बहुतेक वेळा त्यावर कॅन्सरची एकच जात दिसते. पेशी कडं करून बसल्या असतील, मधल्या पोकळीत निळसर चिकट स्राव असेल, तर तो ग्रंथींचा कॅन्सर, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा. पेशी फरशीसारख्या दाटीने बसल्या असतील आणि मधेच कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुलाबी केरॅटिनचे मोती असतील, तर स्क्वॅमस, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरासारख्या चपट्या पेशींचा कॅन्सर. क्वचित कधी एकाच गाठीत दोन्ही भेटतात. अशा वेळी रिपोर्टवर ‘अ‍ॅडिनोस्क्वॅमस कार्सिनोमा’ असं लांबलचक नाव येतं, आणि घरचे लोक ते इंटरनेटवर शोधायला बसतात.

तिथे गोंधळ वाढतो, कारण हे नाव एका आजाराचं नाहीच. स्वादुपिंडातला अ‍ॅडिनोस्क्वॅमस आणि स्तनातला अ‍ॅडिनोस्क्वॅमस यांच्यात आडनाव सोडून फारसं काही समान नाही. नाव फक्त काचेवर काय दिसलं ते सांगतं. ते कसं रुळलं हे पाहिलं, की उपचारांबद्दल ठाम उत्तरं का मिळत नाहीत तेही कळतं.

सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाली. १९०५ मध्ये लंडनमधल्या रोलस्टन आणि ट्रेव्हर यांनी जठराच्या एका कॅन्सरचं वर्णन छापलं. गाठ ग्रंथींचीच होती, पण तिच्यात स्क्वॅमस पेशींचे पट्टे होते. १९०७ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट गोट्टहोल्ड हेर्क्सहाइमर यांनी स्वादुपिंडातल्या अशाच गाठीची नोंद केली. त्वचेत, घशात, अन्ननलिकेत स्क्वॅमस पेशी असतातच. जठर आणि स्वादुपिंडात त्या मुळात नसतात. मग आल्या कुठून?

उत्तरं तीन तऱ्हेची दिली गेली. शेजारी-शेजारी वाढलेले दोन वेगळे कॅन्सर एकमेकांवर आदळले, हे एक. जुन्या सुजेमुळे तिथल्या पेशींनी आधीच स्क्वॅमस रूप घेतलं होतं आणि नंतर त्यात कॅन्सर झाला, हे दुसरं. तिसरं म्हणजे एकाच बिघडलेल्या पेशीचा वंश दोन दिशांना गेला. वाद जवळजवळ शंभर वर्षं चालला, कारण नुसत्या डोळ्यांनी तो सुटणारा नव्हता. पुढे दोन्ही भाग काचेवरून वेगवेगळे खरवडून त्यांची जनुकं तपासता आली, तेव्हा फुफ्फुसाच्या कितीतरी गाठींमध्ये दोन्हीकडे तंतोतंत एकच बदल सापडला. दोन वेगळ्या कॅन्सरमध्ये योगायोगाने हेच घडेल, हे पटण्यासारखं नाही. बहुतेक ठिकाणी तरी एकाच बीजाचे दोन फुटवे, ही बाजू आज भक्कम आहे.

भारतात या नावाशी गाठ पडण्याची एक मोठी जागा म्हणजे गर्भाशयाचं मुख, म्हणजे लोक ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात ते. केंब्रिजच्या ग्लुक्समन आणि चेरी यांनी १९५६ मध्ये तिथल्या मिश्र गाठी वेगळ्या काढून रेडिएशनला त्या कसा प्रतिसाद देतात ते पाहिलं. त्यातल्या एका प्रकाराच्या पेशी दुधी काचेसारख्या दिसत, म्हणून त्याला ‘ग्लासी सेल’ नाव पडलं, आणि रेडिएशनचा शेक देऊनही तो सहज दबत नव्हता. त्याआधी स्क्वॅमसचा भाग डोळ्यांत भरला की पॅथॉलॉजिस्ट तेवढ्यावरच थांबत, कारण या जागी स्क्वॅमसच जास्त असतो.

जरा विषयांतर करून हेन्रिएटा लॅक्स यांचं उदाहरण देतो. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीला स्क्वॅमस म्हटलं गेलं. तिच्याच पेशींपासून हेला नावाची जगप्रसिद्ध पेशीमालिका वाढली. वीसेक वर्षांनी जुने काप पुन्हा पाहिले, तेव्हा तो आक्रमक अ‍ॅडिनोकार्सिनोमा होता असं कळलं. ती गाठ अ‍ॅडिनोस्क्वॅमस नव्हती, पण कापातल्या ग्रंथी डोळ्यांआड होणं किती सोपं आहे, ते यातून दिसतं. १९८४ मध्ये हेला पेशींत एचपीव्ही-१८ सापडला. गर्भाशयमुखाच्या ग्रंथींच्या आणि मिश्र गाठींमध्ये हाच विषाणू वारंवार भेटतो.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात मात्र या नावाची कथा उलटी झाली. मला या सगळ्या इतिहासातलं हेच प्रकरण सर्वात शिकवणारं वाटतं. तिथे आधी दोन नावं होती. स्क्वॅमस भाग साधा, निरुपद्रवी दिसला तर ‘अ‍ॅडिनोअ‍ॅकँथोमा’. तो स्वतःच कॅन्सरसारखा दिसला तर ‘अ‍ॅडिनोस्क्वॅमस’. १९७३ च्या सुमारास दुसऱ्या प्रकाराला वेगळा, जास्त वाईट आजार मानलं जाऊ लागलं. मग झाइनो आणि कर्मन यांनी १९८८ मध्ये सगळी मांडणी उलटून तपासली. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णाचं पुढे काय होणार हे ग्रंथींचा भाग किती बिघडला आहे आणि गाठ स्नायूत किती खोल शिरली आहे, यावर ठरतं. स्क्वॅमस भागाचा चेहरा बहुतांशी ग्रंथींच्याच बिघाडाची सावली असतो. दोन्ही नावं मागे पडली. आज रिपोर्टवर ‘एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, स्क्वॅमस डिफरन्सिएशनसह’ असं येतं, आणि ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत याची पायरी, ठरवताना स्क्वॅमसचे भरीव तुकडे मोजायचे नाहीत, असा नियम आहे.

म्हणजे एका अवयवात हे नाव टिकलं, दुसऱ्यात विरघळलं. जिथे टिकलं तिथे पुढचा प्रश्न आला: किती असलं की ‘मिश्र’ म्हणायचं? फुफ्फुसात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार दोन्ही भाग प्रत्येकी किमान १० टक्के हवेत. स्वादुपिंडात स्क्वॅमस भाग किमान ३० टक्के लागतो. जठरासाठी जपानी पॅथॉलॉजिस्टांनी २५ टक्क्यांची रेघ धरली. हे आकडे शरीराने दिलेले नाहीत, माणसांनी बसून ठरवलेले आहेत. आणि टक्के मोजायला आख्खी गाठ हाती असावी लागते. सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा गाठीच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून आला ते तो तुकडा सांगत नाही. म्हणूनच फुफ्फुसाच्या छोट्या बायोप्सीवर हे निदान पक्कं करता येत नाही, फार तर शंका नोंदवता येते. बायोप्सीत ‘अ‍ॅडिनो’ आणि ऑपरेशननंतर ‘अ‍ॅडिनोस्क्वॅमस’ असं झालं की नातेवाईक पहिल्या लॅबवर चिडतात. बऱ्याचदा त्यात लॅबची चूक नसते.

फुफ्फुसाच्या डॉक्टरांना या भेदाची पूर्वी फारशी फिकीर नव्हती. स्मॉल सेल, म्हणजे लहान पेशींचा वेगळ्या उपचारांचा कॅन्सर, आहे की नाही, एवढं कळलं की पुरे. चित्र पालटलं ते २००४ ते २००८ या चार वर्षांत. बेव्हासिझुमॅब हे गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध दिलेल्या स्क्वॅमसच्या रुग्णांना खोकल्यातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, हे दिसलं. ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या रुग्णांवर त्याच बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या चालतात, हे समजलं. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध स्क्वॅमस सोडून इतरांना जास्त उपयोगी पडतं, हेही स्पष्ट झालं. जात ओळखणं आता जिवाशी जोडलं गेलं. ग्रंथींच्या बाजूने टीटीएफ-१ आणि स्क्वॅमसच्या बाजूने पी४०, असे आयएचसीचे, म्हणजे पेशीतलं ठरावीक प्रथिन अँटिबॉडीने दाखवणारे, रंग नित्याचे झाले. निखळ स्क्वॅमस म्हटलं की जनुकांची तपासणी पुष्कळदा मागितली जात नाही. अ‍ॅडिनोस्क्वॅमसमध्ये ती मागायलाच हवी, कारण बदल सापडला तर गोळीचा रस्ता उघडतो.

स्वादुपिंडात असा रस्ता अजून उघडलेला नाही. तिथल्या कॅन्सरमध्ये या प्रकाराचा वाटा १ ते ४ टक्के. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींतून अनेक वर्षांचे रुग्ण गोळा करून २०१२ मध्ये एक मोठा अभ्यास छापला गेला, तरी त्यात रुग्ण भरले ४१५. ऑपरेशन करूनही या प्रकाराचे रुग्ण नेहमीच्या कॅन्सरच्या रुग्णांपेक्षा कमी जगतात, हेच त्यातून दिसलं.

२०१४ मध्ये इथे एक आशा पालवली होती. यूपीएफ१ या जनुकातले बदल या गाठींत सर्रास सापडतात आणि नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सापडत नाहीत, असा निबंध प्रसिद्ध झाला. अखेर या आजाराची स्वतःची खूण मिळाली, असं वाटलं. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने ते बदल पुन्हा तपासले. त्यांतले बरेचसे निरोगी माणसांतही असणारे साधे वंशपरंपरागत फरक निघाले, आणि त्यांच्यामुळे कॅन्सर बळावतो याचा पुरावा मिळाला नाही. पी६३ या प्रथिनाच्या एका रूपामुळे स्वादुपिंडाच्या पेशी स्क्वॅमस वळण घेतात, हा धागा मात्र टिकून आहे.

स्तनातलं प्रकरण याच्या अगदी उलट. १९८७ मध्ये रोझेन आणि अर्न्सबर्गर यांनी ‘लो-ग्रेड अ‍ॅडिनोस्क्वॅमस’ वर्णन केला. तो बहुधा ट्रिपल निगेटिव्ह असतो, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची नेहमीची औषधं ज्या तीन खुणांवर चालतात त्या तिन्ही त्यात नसतात. हा शब्द ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल, पण हा प्रकार सहसा संथ असतो आणि नीट काढून टाकला की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. तोंड, नाक आणि स्वरयंत्रातल्या या गाठींची पहिली नीट मांडणी १९६८ ची, अवघ्या १० रुग्णांवरची. तिथला जुना घोळ म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा या लाळग्रंथींच्या, तशाच मिश्र दिसणाऱ्या कॅन्सरशी होता. आता त्या दुसऱ्याची ठरावीक जनुकजोडणी ओळखीची आहे, त्यामुळे तो बराच निस्तरला आहे.

उपचार शेजाऱ्यांकडून उसने घेतलेले आहेत. कापता येत असेल तर कापायचं, यावर सर्व अवयवांत एकमत. पुढे केमो कोणती, हे त्या अवयवाच्या नेहमीच्या कॅन्सरवरून ठरतं आणि त्यात अनेकदा प्लॅटिनमचं औषध असतं, कारण ते स्क्वॅमसवरही चालतं. स्वादुपिंडात प्लॅटिनमचा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते जुन्या फायली मागे वळून वाचलेले. एका केंद्रावर वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण येत असतील, तर स्वतंत्र चाचणी उभी राहणार तरी कशी?

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी सेकंड ओपिनियनला जाणाऱ्याला रिपोर्टच्या झेरॉक्सबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागतात, ते गाठीचं नाव पुन्हा पडताळण्यासाठी. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकच्या चौकटीतला तोच मेणाचा ठोकळा. तो पुन्हा कापतात, पी४० लावतात, टक्के नव्याने मोजतात. कधी गाठीचं नाव तेच राहतं, कधी दोन काप खोल गेल्यावर बदलतं.